मृण्मयीच्या पलंगाची हद्दकायम मोजणी

लातूर, सोमवार, दि. ९ मार्च

राजमान्य दयानंदराव व्याही यांच्या सेवेशी,

लातूरहून हणमंतरावाचा नमस्कार पोचावा. आम्ही सगळे इथे धडधाकट आहोत आणि तुम्हीही तसेच असाल असं धरूनच पुढचं लिहितो. तुमची साखर आटोक्यात असेल. जयावहिनींनी गुडघ्यासाठी पाठवलेलं तेल कुसुम नेमाने लावते. (गुडघा दुखायचा थांबलेला नाही, पण तेलाचा वास तिला आता आवडायला लागला आहे, असं वहिनींना सांगावं.) तुमच्या भोकरच्या शेताचा बांध शेजाऱ्याने यंदा आणखी हातभर कोरला, असं सूनबाईंकडून कळलं. वाईट वाटलं. तुम्ही आजवर तीनदा मला 'तेवढी मोजणी खाजगीत करून द्या' म्हणालात आणि तिन्ही वेळा मी नाही म्हणालो, ते तुम्ही मनाला लावून घेतलं नसेलच. निवृत्त भूकरमापकाने नातेवाइकाच्या शेतात साखळी टाकू नये हे माझं तत्त्व आहे, आणि तत्त्वापुढे व्याही काय नि परका काय, दोघं सारखेच.

फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. तर कारण असं, की 'मृण्मयी पलंगावरून पडली' हे वाक्य तुमच्या कानावर गेलेलं आहे. (ते कुणी घातलं हे मला माहीत आहे. तिने माझ्याशी पस्तीस वर्षं संसार केला आहे आणि जयावहिनींशी ती रोज अर्धा तास फोनवर बोलते.) असल्या वाक्याला फोनवर उत्तर देता येत नाही. फोनवर माणूस मधेच 'हो का?' म्हणतो आणि सांगणाऱ्याचा सगळा क्रम बिघडतो. मी छत्तीस वर्षं भूमी अभिलेखात काढली. आमच्याकडे हद्दीचा वाद आला की तोंडी काही चालत नाही, कागद लागतो. तेव्हा हा कागद. वाचून झाल्यावर त्याचा फोटो काढून ग्रुपवर टाकू नये ही विनंती. कारण पुढे येईल.

आता मूळ प्रकरण. तुम्ही बारशाला टेम्पोतून पाठवलेला सागवानी पाळणा उत्तम आहे, त्याबद्दल माझी आजही काही तक्रार नाही. चारी बाजूंनी कठडा, उभ्या दांड्या, खाली पक्की फळी. आमच्या सरजाबाई (मुरुडच्या, दिवसभर मृण्मयीला सांभाळायला असतात) त्याला पहिल्या दिवसापासून पिंजरा म्हणतात, तेवढं तुम्ही मनावर घेऊ नका. पण पाळणा जिथल्या तिथे राहिला आणि आत ठेवलेली वस्तू वाढत गेली. मृण्मयी आता सव्वादोन वर्षांची आहे. गेल्या महिन्यात एका दुपारी सरजाबाईंची हाक आली, "आवो दादा, पळा लवकर! पोरगी कठड्यावर टांग टाकायलीय अन् वर हासायलीय!" मी धावलो. खरोखरच एक पाय आत, एक पाय बाहेर, आणि चेहऱ्यावर तालुक्याला पहिला नंबर आल्याचा आनंद. आणखी दोन श्वास उशीर झाला असता तर ती डोक्यावर खाली आली असती. त्या दिवशी मी जेवलो नाही, हे तुम्हाला म्हणून सांगतो. घरात मी पोट बिघडल्याचं सांगितलं.

संध्याकाळी आमचा यज्ञेश आणि सूनबाई श्रद्धा तिला घेऊन बालरोगतज्ज्ञांकडे गेले. डॉक्टर म्हणाले, मूल कठडा चढायला लागलं की पाळण्याचं काम संपलं, तिला बुटक्या पलंगावर घ्या. पलंग भिंतीला लावा, मध्ये सांद ठेवू नका, खिडकीखाली नको, पडद्याची दोरी हाताशी नको, कपाट भिंतीला बांधा, खाली जाड काहीतरी अंथरा. आणि बदल आत्ताच करा. दुसरं बाळ आल्यावर पहिलीला पाळण्यातून काढलं, तर ती ते आयुष्यभर विसरणार नाही. श्रद्धाने हे सगळं सुवाच्य अक्षरात लिहून फ्रिजला चिकटवलं. मी चष्मा लावून वाचलं आणि सांगून टाकलं, की हे काम तांत्रिक आहे, यात कुणी मध्ये पडू नये.

खरं म्हणजे मला एवढा उत्साह का चढला, हे तुम्ही ओळखलं असेल. श्रद्धा पाडव्यानंतर बाळंतपणाला नांदेडला तुमच्याकडे येणार. मुलगी माहेरी यायचीच, त्यात वाद नाही. प्रश्न मृण्मयीचा होता. ती आईबरोबर नांदेडला जाणार, की अडीच महिने लातूरला आमच्याजवळ राहणार? श्रद्धाने (तुमची लेक, बोलते मऊ आणि अट घालते वकिलासारखी) मला सरळ सांगितलं, "बाबा, ती सलग आठ दिवस पलंगावरून न पडता झोपली, तर तुमच्याजवळ राहील. पडली तर माझ्याबरोबर येईल. आईकडे जमिनीवर गाद्या असतात." आठ दिवस! माझ्यासारख्या माणसाला ही अट घालणं म्हणजे राहू द्या म्हणण्यासारखंच होतं. मी तिथल्या तिथे कबूल केली.

पहिला प्रश्न जागेचा. डॉक्टरांना कोपरा हवा. कुसुमला उशी उत्तरेला नको. सरजाबाईंना दाराच्या रेषेत पाय नकोत. मला खिडकी नको. मी माझ्या जुन्या पेटीतलं होकायंत्र काढलं, खोलीचा कच्चा नकाशा केला, आणि सगळ्यांच्या हरकती निकाली काढल्यावर असं दिसून आलं, की अख्ख्या घरात एकच कोपरा निर्विवाद आहे आणि तिथे माझ्या लग्नातलं लोखंडी कपाट उभं आहे. ते मी, यज्ञेश आणि शेजारचे राघवेंद्र अशा तिघांनी सरकवलं. (आतल्या साड्या आधी काढाव्यात असं कुसुम म्हणत होती. ती बरोबर होती. ते आता ऐकवायला ती मला रोज दुपारी भेटते.) मग ते समोरच्या भिंतीला चार ठिकाणी पट्ट्या मारून आवळलं.

या कपाटाच्या बाबतीत मी कुणाची थट्टा ऐकून घेत नाही. त्र्याण्णव साली मी नोकरीत तसा नवाच होतो. भूकंपानंतर किल्लारीकडच्या नव्या गावठाणांचे प्लॉट आखायला आम्हाला नेलं होतं. मी चुना टाकून एक खोली आखत होतो, तेव्हा एक बाई जवळ येऊन उभी राहिली आणि तिने मला एवढंच विचारलं, की उशाशी काय येणार? मी म्हणालो, भिंत. ती तशीच निघून गेली. तेव्हापासून माझ्या घरात झोपणाऱ्याच्या डोक्यावर फळी नाही, माळा नाही, वडिलांचा फोटोसुद्धा नाही. तो बैठकीत दारावर आहे आणि तिथे तो खूश असावा.

आता पलंग. आमचा जुना लोखंडी पलंग बावीस इंच उंच. कुसुम म्हणाली, गादी खाली टाका आणि मोकळे व्हा. मी म्हणालो, अटीत पलंग लिहिलाय, खाली गादी टाकणं म्हणजे अटीतून पळवाट. मी तो वेल्डिंगवाल्या अमरेशकडे नेला, चारही पायांवर तीन तीनदा मोजून खुणा केल्या आणि नऊ इंचांवर कापून घेतले. चारही पाय केसाचा फरक नाही असे एकसारखे. अमरेशसुद्धा म्हणाला, "काका, असं माप तर आमचा उस्तादबी घेत न्हाई." पलंग कोपऱ्यात घट्ट बसवला. भिंत आणि पलंग यांच्यात मी बोटभरही सांद ठेवली नाही, कारण दोन हद्दींमध्ये सांद राहिली की पुढे तिथेच भानगड होते. मोकळ्या बाजूला उशाकडे अर्धा कठडा, पायथ्याकडे उतरायला वाट. खाली दोन गोधड्या आणि सरजाबाईंची जाड वाकळ. मग दुपारी साडेबाराला मृण्मयीला वरणभात भरवून समारंभाने पलंगावर झोपवलं.

एक वाजता ती वाकळीवर होती.

व्याही, इथे शब्द नीट वापरले पाहिजेत. पडणं म्हणजे माणूस दचकतो, रडतो, टेंगूळ येतं. मृण्मयी नऊ इंच खाली वाकळीवर आली, कुशीवर वळली आणि पुढे सव्वा तास झोपली. याला फार तर स्थलांतर म्हणता येईल. पण श्रद्धाने ते 'पडली' असंच धरलं, आठ दिवसांची गणती पहिल्यापासून सुरू केली, आणि कुसुमने तुमच्याकडे वार्ता पोचवली. झालं ते एवढंच.

मी कारण शोधायला बसलो. पलंगावर पाणसळ ठेवली (गवंडी फरशी समतल आहे का पाहायला वापरतात ती काचेची नळी) आणि बुडबुडा एका बाजूला पळाला. मग डोक्यात प्रकाश पडला. पाय एकसारखे आहेत, पण आमची शहाबादी फरशी एकसारखी नाही! फरशी धुतल्यावर पाणी मोरीकडे जावं म्हणून त्या खोलीला उतार आहे, आणि तो मीच घर बांधताना गवंड्याशी भांडून घेतलेला आहे. म्हणजे पोर पाण्यासारखी मोरीच्या बाजूला वाहून गेली. (मोरीच्या बाजूलाच श्रद्धाची खुर्ची असते. दुपारी ती तिथे बसून कॉलेजचे पेपर तपासते. ही नोंद लक्षात असू द्या.) दोन पायांखाली लाकडी पट्ट्या सरकवल्या, बुडबुडा मधोमध आणला, आणि एक मार्चपासून नव्याने मोजणी सुरू केली.

मोजणी हा शब्द मी उगाच वापरत नाही. मी रोज दुपारी, ती गाढ झोपली की, डोकं कुठे, पाय कुठे, याची आलेख-कागदावर नोंद केली. दहास एक प्रमाण. कुसुमने दारातून पाहिलं आणि म्हणाली, "अहो, पोरगी हाय का प्लॉट हाय?" मोजणी चालू असताना मी हितसंबंधितांशी बोलत नाही.

मधल्या दिवसांत एक गोष्ट घडली, ती सांगितलीच पाहिजे. रिकामा पाळणा घरात ठेवू नये, म्हणून कुसुमने बारशाला ठेवतात तसा वरवंटा दुपट्यात गुंडाळून तुमच्या पाळण्यात ठेवला. मृण्मयीने दांड्यांतून बराच वेळ पाहिलं. आम्ही सगळे श्वास रोखून उभे. आता ही रडणार, आपली जागा दुसऱ्याला दिली म्हणणार! तिने काय करावं? पलंगावरून स्वतःचं पांघरूण ओढत आणलं, दांड्यांतून आत कोंबलं, आणि आमच्याकडे वळून तोंडावर बोट ठेवलं. बाळ झोपलं होतं! तेव्हापासून त्या खोलीत कुणी मोठ्याने बोललं की आमची हजेरी घेतली जाते. सरजाबाईंना चटणी मिक्सरवर करावी लागते, आणि तीही दार लावून, कारण वरवंट्याची झोप मोडते. डॉक्टरांनी ज्याची एवढी भीती घातली होती, ते एका दगडाने परस्पर मिटवलं.

तर काल रविवारी आठवा दिवस पूर्ण झाला. आठ दुपारी, आठ रात्री, शून्य पतन. पाचव्या दिवशी ती एकदा पायथ्याकडून उतरून आपल्या पायांनी स्वयंपाकघरात आली, पण उतरणं म्हणजे पडणं नव्हे, हे श्रद्धानेही मान्य केलं. संध्याकाळी सगळ्यांसमोर ती म्हणाली, "बाबा, जिंकलात. राहू दे तिला तुमच्याजवळ." गच्चीवर जाऊन दोन फेऱ्या मारल्या आणि (हेही तुम्हाला म्हणून सांगतो) राघवेंद्रला पेढे नेऊन दिले.

तेव्हा जयावहिनींना कळवावं, की मृण्मयीसाठी गादी भरून घेण्याची तजवीज करू नये. नात लातूरलाच राहील. तिचा पलंग महाराष्ट्रातला सर्वांत सपाट पलंग आहे. तुम्ही निर्धास्त असा, लोभ आहेच, तो असाच ठेवावा.

आपला,
हणमंतराव

ता. क. १ : पाळणा पुसून, दांड्या आवळून श्रद्धाबरोबरच टेम्पोने पाठवत आहे. वरवंटाही पाठवावा लागेल असं दिसतं. तो पाळण्यातून कुणी उचलला तर मृण्मयी रडते. कुसुम नवीन घेईल.

ता. क. २ : पाकीट बंद करण्याआधी आठही दिवसांचे कागद एकावर एक ठेवून उजेडात धरले. ही आमची जुनी सवय, नकाशा देण्याआधी शेवटी एकदा पडताळायचा. पलंगाला आता उतार नाही. पाणसळ मी रोज लावली आहे. तरीही सात दिवस मृण्मयीचं डोकं झोपेत फिरत फिरत एकाच ठिकाणी गेलेलं आहे, पायथ्याच्या कोपऱ्यात, श्रद्धाच्या खुर्चीकडे. उरलेला कागद गुरुवारचा. त्या दुपारी श्रद्धा सोनोग्राफीला गेली होती आणि खुर्ची रिकामी होती. त्या कागदावर काही नोंद नाही, कारण पोर झोपलीच नाही. रडलीसुद्धा नाही. खुर्चीकडे तोंड करून पडून राहिली आणि मी जवळ गेलो तर मलाही तोंडावर बोट ठेवून गप्प केलं. मी तेव्हा ते वरवंट्यासाठी समजलो; ती आईची चाहूल घेत होती.

व्याही, नकाशा आपल्या बाजूने आला नाही म्हणून मी नोकरीत एकही कागद फाडला नाही. हा कसा फाडू? पोरीची हद्द जिथे जाते तिथे जाते. तिला आईबरोबर नांदेडला येऊ द्या. पण काल सगळ्यांसमोर जिंकून, पेढे वाटून, आज हे मी कोणत्या तोंडाने सांगू? म्हणून असं करा. येत्या रविवारी फोन करा आणि हट्ट धरा, की नात आम्हाला इकडेच हवी. मी मोठ्याने विरोध करीन. कदाचित तुमच्या त्या पाळण्याबद्दलही दोन शब्द बोलेन. तुम्ही ऐकू नका, मागे हटू नका, शेवटी मी नाइलाजाने हो म्हणेन. फोटो ग्रुपवर टाकू नका म्हणालो ते यासाठी.

ता. क. ३ : पलंग टेम्पोत टाकतोच आहे. पण तुमच्याकडची फरशी कोणत्या बाजूला उतरते हे तुम्हाला सांगता येणार नाही (सांगता आलं असतं तर भोकरचा बांध गेला नसता), त्यामुळे तो बसवायला आणि रोज पाणसळ लावायला माहीतगार माणूस जवळ लागेल. आता आमच्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. मुलाच्या बापाने व्याह्याच्या घरी कामाशिवाय एका रात्रीवर मुक्काम करू नये, लोक हसतात. म्हणून मी तुमच्या शेताचा पुन्हा विचार केला. तत्त्वं माणसासाठी असतात, माणूस तत्त्वांसाठी नसतो. तुम्ही मला चौथ्यांदा विचारा, फोनवर, यज्ञेशला ऐकू जाईल असं. मी साखळी, होकायंत्र आणि दोन धोतरजोड्या बांधून ठेवल्या आहेत. काम बारकाईचं आहे, घाई करून चालणार नाही. माझ्या अंदाजाने मोजणीला अडीच महिने लागतील.

शेत सव्वातीन एकर आहे, हे मला माहीत आहे.